फळा नको, कोठी दाखवा : वसतिगृहाच्या आहार प्रकल्पाच्या नोंदी

ठिकाण कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी, आणि तिला लागून मुला-मुलींची वसतिगृहं. आठवीपर्यंतच्या सगळ्यांना दुपारचं जेवण शालेय पोषण आहारातून मिळतं. निवासी मुलांचा नाश्ता, संध्याकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण भोजनालयात होतं. यंदा आहार समितीचं काम माझ्याकडे आहे. पाकिटातला कारखानी माल कोठीतून काढून त्या जागी इथेच शिजवलेलं अन्न आणायचं, एवढाच हा प्रकल्प. समितीच्या वहीतल्या या नोंदी, वाचता याव्यात एवढ्या नीट करून.

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज सुरू झाली आणि दुपारी समिती बसली. मुख्याध्यापक, दोन्ही वसतिगृहांचे अधीक्षक, स्वयंपाकघराच्या मोठ्या मावशी, दोन पालक आणि मी.

कागदोपत्री आमचं चोख आहे. शासनाचा ८ मे २०१७ चा निर्णय भोजनालयाच्या दारावर चिकटवलेला आहे. चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक, बिस्किटं शाळेच्या उपाहारगृहात नकोत. पोळी-भाजी, खिचडी, इडली, उपमा, खीर, ताक असलं द्यावं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. आमच्या आवारात वेफर्स विकायला नाहीत, कोला नाही. तपासणीला कुणी आलं तर फळ्यावरचा मेनू वाचून समाधानाने परत जाईल.

मी एवढंच सुचवलं की यंदा फळा राहू दे, आपण कोठी उघडून बघू. फळ्यावर ‘इडली-सांबार’ आहे, पण इडलीचं पीठ कुठून येतं? ‘पुलाव’ आहे, त्यात काय पडतं? अधीक्षक सर म्हणाले, बाई, सगळा माल नामांकित कंपन्यांचाच आहे. ते खरंच आहे. पण माझा प्रश्न पाकिटाच्या मागच्या बाजूचा आहे.

१८ जून, बुधवार

कोठीतला बंद पाकिटांचा माल बाहेर टेबलावर मांडला. मोठ्या मावशी, मी आणि नववीच्या तीन मुली. मुलींना मुद्दाम घेतलं. छपाई इतकी बारीक असते की आमच्या डोळ्यांना ती नीट लागत नाही, आणि खाणार त्याच आहेत, त्यांनीच वाचावं.

बिस्किटाच्या पुड्यापासून सुरुवात. मैदा, साखर, पाम तेल, इनव्हर्ट सिरप (साखरेचाच एक पातळ पाक), मग बाहेरून मिसळलेल्या द्रव्यांचे आकडे: ५०३, ५००, ३२२, ४७१, शेवटी स्वाद. आकड्यांचा तक्ता मी आणला होता. ५०० म्हणजे खायचा सोडा, तो प्रत्येकीच्या घरी असतो. ३२२ म्हणजे लेसिथिन. ४७१ हे तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवणारं इमल्सिफायर, ते कुणाच्याच फडताळात नाही. एकीने विचारलं, मग आकडा दिसला की वाईट का? नाही. ३३० म्हणजे लिंबूसत्त्व, आजी आंबट वड्यांत घालते तेच. आकड्याला भ्यायचं कारण नाही. तो तिथे कशासाठी आहे हे विचारायचं.

मग संत्रा सरबताची पावडर आली, उन्हाळ्यात खेळून आलेल्या मुलांना देतात ती. साखर, ३३०, कृत्रिम स्वाद, रंग ११० आणि १०२. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं, यात फळ नाही. मुलीने ते मराठीत सांगितलं तशा मावशी म्हणाल्या, “मग पिशवीवर एवढं मोठं संत्रं कशाला काढलंय ओ?” त्यांनी पिशवी उलटीपालटी करून पुन्हा पाहिली आणि शेजारी सरकवून ठेवली.

इडलीचं प्रीमिक्स, कस्टर्ड पावडर (मक्याचा स्टार्च, रंग, स्वाद; दूध किंवा अंडं काहीच नाही), जॅम, टोमॅटो केचप, पुलावासाठी तयार ग्रेव्हीचं पाकीट (माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून काढलेली पावडर, पाम तेल, ६२७ आणि ६३१ हे चववर्धक), रविवारच्या पावाला लावायचं मार्गारिन. सोया वडीवर एकच घटक होता, चरबी काढलेलं सोयाबीनचं पीठ. ती वेगळी ठेवली, तिचा विचार नंतर.

फळ्यावरचा मेनू घरगुती आहे, यात खोटं काही नाही. पण नाश्त्याचा आणि संध्याकाळच्या खाण्याचा बराचसा भाग कारखान्यात आधीच शिजून येतो आणि आमच्या स्वयंपाकघरात त्यात पाणी पडतं.

२१ जून, शनिवार

नियम कसा लिहायचा, यावर आजचा सगळा दिवस गेला.

अन्नाचं चार गटांत वर्गीकरण करणारी ‘नोव्हा’ पद्धत ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस माँतेरो यांनी २००९ मध्ये मांडली. पहिल्या गटात धान्य, भाजी, दूध, अंडी. दुसऱ्यात तेल, साखर, मीठ असं स्वयंपाकाचं साहित्य. तिसऱ्यात या दोन्हींपासून केलेले साधे टिकाऊ पदार्थ. आपलं लोणचं, पनीर तिथे बसतं. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त. अन्नातून काढलेले अंश पुन्हा जुळवायचे, त्यात रंग, स्वाद, चववर्धक, इमल्सिफायर घालायचे आणि पूर्ण पदार्थासारखं रूप द्यायचं.

त्याच ब्राझीलमध्ये शालेय आहाराच्या पैशाला मर्यादा घातलेली आहे. २०२० च्या नियमानुसार केंद्राच्या निधीतला किमान ७५ टक्के खर्च ताज्या किंवा कमीत कमी प्रक्रिया केलेल्या अन्नावर व्हायला हवा. प्रक्रियायुक्त आणि अतिप्रक्रियायुक्त दोन्ही मिळून २० टक्क्यांच्या आत. यंदा ती मर्यादा १५ टक्क्यांवर आणली आहे आणि २०२६ साठी १० जाहीर केली आहे. आमच्या हिशेबनीसांना ही टक्केवारीची रीत फार पटली, कारण बिलांवरून काढता येते. पण आमच्याकडे ती चालणार नाही, असं माझं मत झालं. बिस्किटं आणि सरबत पावडर इतकी स्वस्त पडतात की टक्का छोटाच दिसेल आणि मुलांच्या पोटात रोज तेच जात राहील. ब्राझीलच्या टक्क्यामागे २००९ चा कायदाही उभा आहे: निधीतला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी. पाकीट गेलं की त्या जागी काय येणार हे त्यांनी आधीच बांधून ठेवलं होतं. आपल्याकडे निर्णयात पदार्थांची नावं येतात आणि पर्यायाची व्यवस्था ज्याने त्याने बघायची असते.

म्हणून मसुदा घटकांवर लिहिला. पदार्थाचं नाव काहीही असो. कृत्रिम रंग, बाहेरून घातलेला स्वाद, चववर्धक, कृत्रिम गोडी, इमल्सिफायर, माल्टोडेक्स्ट्रिन, इनव्हर्ट सिरप, हायड्रोजनेटेड तेल यांतलं काही यादीत असेल तर ते पाकीट कोठीत येणार नाही. सोडा, लिंबूसत्त्व, आयोडीनचं मीठ याला हरकत नाही.

३० जून, सोमवार

संस्थेच्या कार्यालयात बैठक. सचिव साहेबांनी विचारलं, साखर-तेल तेवढंच राहणार असेल तर पाकिटातलं काय आणि घरचं काय, फरक काय पडतो? प्रश्न रास्त होता. मी केव्हिन हॉल यांचा २०१९ चा प्रयोग सांगितला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मुभा. ताटात ठेवलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखे. तरीही पाकिटाच्या आहारावर माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. प्रयोग छोटा आहे, मोठ्या माणसांवरचा आहे, हेही सांगितलं. सचिव साहेबांनी टिपून घेतलं.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा होता आणि तो बोलून दाखवल्याबद्दल मला बरं वाटलं. “बिस्किटाला काय लागतं? पुडा फोडला की काम झालं. तुमच्या उसळीला पहाटे उठणार कोण?”

प्रकल्पाचा सगळा अडसर या एका वाक्यात आहे. पाकीट विकत घेताना आपण कुणाची तरी मजुरी विकत घेतलेली असते: निवडणं, भिजवणं, वाटणं, ढवळणं. पाकीट बंद केलं की ती मजुरी परत स्वयंपाकघरात येते आणि ती बायकांच्याच अंगावर पडते. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीसांना राज्यात महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे. केंद्राचा निकष २००९ पासून १,००० वर थांबलेला आहे. वसतिगृहाच्या मावशींना संस्था पगार देते, तोही जास्त नाही. अशा ठिकाणी ‘मुलांसाठी थोडं जास्त राबा’ असं म्हणणं मला जमणार नाही, आणि मी तसं म्हटलंही नाही. मागणी लेखी दिली: सकाळच्या पाळीला एक जादा मदतनीस, पगारी. आणि एक मोठा ओला ग्राइंडर.

मदतनीस मार्चअखेरपर्यंत मंजूर. ग्राइंडरसाठी माजी विद्यार्थ्यांना विचारायचं ठरलं.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी केली. साबुदाणा अतिप्रक्रियायुक्त म्हणता येणार नाही, पण तो नुसता पिष्ट आहे. भगरीत निदान धान्य आहे. मुलांनी आमटी मागून घेतली.

१४ जुलै, सोमवार

नाश्त्याचा पहिला आठवडा संपला.

नाचणीची आंबील सपशेल पडली. पाचवी-सहावीच्या मुलांनी वास घेऊन वाट्या परत केल्या. हुलग्याचं माडगं त्याहून बरं गेलं, कारण त्यात गूळ होता आणि बाहेर पाऊस होता. सगळ्यांत चाललं ते वाघ्या घेवड्याची उसळ आणि ज्वारीची भाकरी. वाघ्या घेवडा म्हणजे आमच्या तालुक्याचं पीक, भौगोलिक मानांकन मिळालेलं. दाण्यावर वाघासारखे लालसर पट्टे, शिजला की रस्सा दाट होतो आणि वेगळा मसाला फारसा मागत नाही. बरीच मुलं घेवडा पेरणाऱ्या घरांतली आहेत. शेतात हल्ली वरुण जातीचा घेवडाच जास्त, जुना वाघ्या हुडकून आणावा लागतो. एका मुलाच्या आजोबांनी पोतं पाठवायचं कबूल केलंय, बाजारभावानेच. फुकट घ्यायचं नाही, हे समितीने आधीच ठरवलंय.

इडलीचं गणित अजून बसत नाही. ग्राइंडर आला, तांदूळ-उडीद वाटून झालं, पण या हवेत पीठ फुगत नाही. प्रीमिक्समध्ये सोडा आणि आम्ल असतं, त्याला हवेशी देणंघेणं नाही. मावशींनी पातेलं रात्री चुलीच्या ओट्यावर, राखेच्या उबेला ठेवलं, घोंगडीत गुंडाळून. सकाळी झाकण वर उचललं गेलं होतं. पोरं म्हणतात इडली आंबट आहे. असू दे.

२५ जुलै, शुक्रवार

गावातल्या बेकरीत गेले. रविवारी मिसळ-पाव असतो, पाव तिथूनच येतो. मालकांनी भट्टीपाशी बसवलं आणि काही न लपवता सगळं दाखवलं. मैदा, ईस्ट, मीठ, साखर, तेल. आणि एका डब्यात इंप्रूव्हर, दुसऱ्यात कॅल्शियम प्रोपिओनेट, म्हणजे २८२. इंप्रूव्हरने कणीक लवकर तयार होते आणि लादी मऊ राहते. २८२ ने बुरशी धरत नाही.

“बाई, दुकानदार दोन दिवसांचा माल एकदम उचलतो. तिसऱ्या दिवशी पाव परत आला तर माझं नुकसान. तुम्ही सकाळी घेऊन दुपारी खाणार असाल तर मला यातलं काहीच नको. फक्त कणीक रात्री भिजवावी लागंल.”

म्हणजे हे सगळं आमच्या मुलांसाठी पडतच नव्हतं, ते दुकानाच्या फळीसाठी होतं. रविवार पहाटेची भट्टी आमच्या लाद्यांसाठी वेगळी लावायचं त्यांनी मान्य केलं. लादीला थोडे जास्त पैसे लागतील, रात्रीच्या कामाचे. पाव जरा जाड सालीचा निघतो आणि संध्याकाळपर्यंत कडक होतो. उरला तर दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीचा.

५ ऑगस्ट, मंगळवार

कांदा-लसूण मसाल्याचा विषय निघाला. घरी करायचा तर तो एप्रिल-मेच्या उन्हात. मिरची वाळवून, खोबरं-तीळ-धणे भाजून, कांडपाला देऊन वर्षाचा डबा भरायचा. श्रावणात मिरची कुठे वाळणार? त्यामुळे यंदा बचत गटाकडून घ्यायचा, घटक लिहून घेऊन. पुढच्या एप्रिलच्या अंदाजपत्रकात मिरचीचे पैसे आत्ताच धरायला सांगितले आहेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आमच्या जिल्ह्यात आज जिलेबीचा दिवस. सकाळपासून चौकाचौकात कढया, झेंडावंदन झालं की घरोघरी पुडकी. शाळेतही दरवर्षी बाहेरून तयार जिलेबी यायची, गर्द केशरी.

तो केशरी रंग बहुतेक १०२ किंवा ११० चा. आपल्या कायद्यात मिठाईत ठरावीक मर्यादेपर्यंत कृत्रिम रंग चालतात, त्यामुळे बाजारातल्या हलवायाला मी दोष देणार नाही. पण जिलेबीला रंगाची गरज काय? मैदा, थोडं बेसन, दही. रात्रभर आंबवलेलं पीठ, तुपात किंवा तेलात तळून पाकात. यंदा आचाऱ्यांना आवारातच बोलावलं. त्यांनी रंगाची पुडी सवयीने बरोबर आणली होती. मोठ्या मावशींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदराला बांधली, काम संपल्यावर परत देण्याच्या बोलीवर.

जिलेबी फिकट बदामी निघाली. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, ही कच्ची राहिलीय का?” खाल्ल्यावर त्याचा प्रश्न मिटला.

एका पालकांनी हटकलं: साखर तर तेवढीच आहे ना, मग काय साधलं? साखर तेवढीच आहे. साखर किती द्यायची हा वेगळा हिशेब आहे आणि तोही आम्ही ठेवतो. चहातली साखर जुलैपासून कमी केली आहे. पण वर्षातून एकदा झेंड्याच्या दिवशीची जिलेबी आणि रोज संध्याकाळचं संत्र्याच्या नावाचं पाणी, या दोन्हींना एकाच मापाने मोजायला मी तयार नाही. सणाचं गोड सणाला असावं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज समितीत खडाजंगी झाली. आधी सोया वडीवर आणि नंतर तांदळावर.

एका पालकांनी नोव्हाचा तक्ता आणला होता. सोया वडी यंत्रातून दाबाने फुगवून काढलेली, म्हणून ती चौथ्या गटात, म्हणून बंद करा. व्याख्येप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. पण तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. रंग नाही, स्वाद नाही, साखर नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तांदळाव्यतिरिक्तच्या साहित्यासाठी १ मे २०२५ पासूनचे दर आहेत ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे. या पैशांत डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन. ज्या मुलाच्या घरी डाळ रोज शिजत नाही त्याच्या ताटातून वडी काढायची असेल तर आधी तिच्या जागी अंडं किंवा जादा डाळ ठेवा, मग काढा. मी हे जरा चढ्या आवाजात बोलले. वडी ‘मर्यादित’ यादीत राहिली, आठवड्यातून एकदा.

तांदळाचा वाद गैरसमजाचा होता. मावशींना निवडताना जरा वेगळे, पांढुरके दाणे दिसतात आणि गावात त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणतात. ते गुणसंवर्धित दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेले, किलोला १० ग्रॅम या प्रमाणात. मुठीभर दाणे मुलींसमोर शिजवून दाखवले, भात झाला. ते वेचून टाकायचे नाहीत, असं स्वयंपाकघरात लिहून लावलं. हेही यंत्रातून काढलेलंच अन्न आहे, पण आमच्या भागात मुलींच्या रक्ताच्या तपासण्यांत काय येतं हे मला माहीत आहे, त्यामुळे या दाण्यांना हात लावायचा नाही.

कुठल्याही नियमाने मुलाचं ताट हलकं होता कामा नये. हे वाक्य मसुद्यात सगळ्यात वर घालून घेतलं.

१० सप्टेंबर, बुधवार

फाटकासमोरचा गाडा. ५० मीटरच्या आतच आहे, टेप लावायचीही गरज नाही. पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा, रंगीत गोळ्या, बर्फाचे कांडे. अधीक्षक म्हणाले तक्रार करू, गाडा उठेल. उठेलही, आणि वळणापलीकडे जाऊन उभा राहील.

गाडेवाल्या आक्कांशी बोलले. नवरा गेल्यापासून गाड्यावरच घर चालतं. “पाकीट नासत नाही ओ बाई. पेरू आणला आन् पाऊस आला, पोरं आली न्हाईत, तर पेरू मला खावा लागतो.” बेकरीवाल्यांचंच कारण, वेगळ्या तोंडून. टिकाऊपणाचा फायदा विकणाऱ्याला खरोखर होतो, तो नाकारून बोलणं पुढे जात नाही.

ठरलं ते असं: मधल्या सुट्टीत लागणारे भाजके शेंगदाणे, फुटाणे, उकडलेलं कणीस, हंगामात बोरं-आवळे-पेरू आक्कांनी आणायचे. न विकलेला फळांचा माल भोजनालय त्याच दिवशी खरेदीच्या भावाने उचलेल. माळा हळूहळू खाली येतील. बर्फाचे कांडे त्यांनी आजच बंद केले, त्यात त्यांनाही काही सुटत नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बातमी वाचली: कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी ८ तारखेला शाळांतल्या अतिप्रक्रियायुक्त अन्नाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. कुठले पदार्थ चिंताजनक हे तिथला आरोग्य विभाग २०२८ पर्यंत ठरवणार, २०२९ पासून ते कमी करत जायचं आणि २०३५ पासून शाळेच्या जेवणात पूर्ण बंदी. सहा कृत्रिम रंगांवरचा त्यांचा आधीचा कायदा २०२४ चा, तो २०२७ च्या अखेरीस लागू होईल.

आमच्या शिक्षकखोलीत कुणी म्हणालं, एवढं श्रीमंत राज्य आणि दहा वर्षं? मला मुदत लांबच वाटते, पण तिचं कारण कळतं. जिथे वर्षानुवर्षं गोठवलेलं अन्न फक्त गरम केलं जातं, तिथे चुली, सुऱ्या आणि शिजवणारे हात नव्याने आणावे लागतात. आपल्याकडे अजून चूल आहे, पाटा-वरवंटा गेला तरी वाटण कसं करायचं हे ठाऊक असलेल्या बाया आहेत. त्या निवृत्त व्हायच्या आधी हे काम उभं राहिलं पाहिजे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर मुलं परत आली ती पिशव्या भरून. चकली-चिवड्याबरोबर कुरकुरीत पाकिटंही. घरून आलेला खाऊ जप्त करायचा नाही, असा निर्णय. आईने दिलेली पिशवी अधीक्षकाने उघडणं बरं नव्हे. पालकसभेत बोलू.

पुरवठ्याची नवी निविदा काढायची वेळ आली. एका पुरवठादाराचा मागच्या महिन्यातला माल परत पाठवावा लागला होता; ‘शुद्ध’ म्हणून आलेल्या चटणी पावडरीच्या यादीत रंग निघाला. त्यामुळे अट आता करारातच घातली. मजकूर इथे उतरवून ठेवते, दुसऱ्या शाळांना उपयोगी पडेल:

“पुरवठादाराने प्रत्येक बंद पाकिटावरील घटकांच्या यादीचे छायाचित्र मागणी नोंदवण्यापूर्वी द्यावे. सोबतच्या परिशिष्टातील घटक आढळल्यास माल स्वीकारला जाणार नाही व वाहतूक खर्च पुरवठादाराचा राहील. घटकांची यादी नसलेला सुटा मसाला, रंग, सॉस किंवा सरबत स्वीकारले जाणार नाही. पर्यायी माल पाठवण्यापूर्वी आहार समितीची लेखी संमती घ्यावी.”

शेवटची ओळ हिशेबनीसांनी सुचवली आणि तीच सगळ्यांत कामाची आहे. ‘ते संपलं होतं म्हणून हे पाठवलं’ या एका सबबीवर किती काय आत येतं, ते कोठीच्या दारात उभं राहिल्यावरच समजतं.

१९ जानेवारी २०२६, सोमवार

संक्रांतीला गुळाची पोळी केली. गूळ घेताना मावशींनी दुकानात पिवळाधमक ढेपेचा गूळ नाकारला आणि काळपट घेतला. पिवळेपणासाठी गुऱ्हाळात हायड्रो पावडर टाकतात, हे त्या लहानपणापासून जाणतात. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. या प्रकल्पात आकड्यांचा तक्ता माझा होता, पण मालाची पारख त्यांची.

खर्चाचा आढावा झाला. धान्य-कडधान्य आणि भाजीवरचा खर्च वाढला. बिस्किटं, पावडरी, प्रीमिक्स, जॅम यांचे रकाने रिकामे आहेत. दोन्हींची वजाबाकी केली तर मालाचा भार संस्थेला झेपणारा आहे. झेपत नाही तो जादा मदतनिसाचा पगार. त्याला मार्चपर्यंतचीच मंजुरी आहे. सचिव साहेब म्हणाले, आता घडी बसलीय, तर त्या बाईंशिवाय भागेल का बघा. भागणार नाही. पहाटे उसळ आणि भाकरी एकाच वेळी दोन हातांनी होत नाही. ती बाई गेली की जूनमध्ये बिस्किटाचा पुडा परत येईल, आणि त्यात मावशींचा दोष नसेल.

पुढच्या बैठकीसाठी काढून ठेवायचं: पगाराचा प्रस्ताव वर्षभरासाठी, अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर. मिरची, धणे, खोबऱ्याचे दर फेब्रुवारीच्या बाजारात विचारून. वाघ्या घेवड्याच्या बियाण्यासाठी आजोबांना आणि आणखी दोन घरांना खरिपाआधी शब्द. आक्कांचं फळांचं बिल थकलंय, ते या आठवड्यात.